पतसंस्था, सोसायटी आणि सेवा केंद्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी: लोकांची माहिती सांभाळण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यांत आणि तालुक्याच्या गावी चालणाऱ्या ग्रामीण पतसंस्था, सेवा सहकारी सोसायट्या, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि आपले सरकार सेवा केंद्रं, इथं काउंटरवर, संगणकावर किंवा वसुलीवर काम करणाऱ्यांसाठी हे पान आहे. व्यवस्थापकांनी आणि संचालकांनीही वाचावं. काही उत्तरं त्यांना आवडणार नाहीत. प्रश्न प्रशिक्षणांत आणि त्यानंतरच्या चहाच्या वेळी पुन्हा पुन्हा आलेले आहेत. चहाच्या वेळचे जास्त खरे असतात, म्हणून तेच आधी घेतले.

आमच्यासारख्या लहान संस्थेची माहिती चोरून कोणाला काय मिळणार?

आधार, सातबारा आणि बँकेचं पासबुक, या तीन झेरॉक्स एका पिनेत लावलेल्या तुमच्या कपाटात किती असतील ते एकदा बघा. आपल्या भागात या तीन कागदांना थेट पैशाचा भाव आहे.

कापसाचं घ्या. सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) खरेदी हमीभावानं होते. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये ठरले होते. त्या हंगामापासून नोंदणी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर, आधार आणि जमिनीच्या नोंदीच्या आधारे सुरू झाली. बाजारात भाव हमीभावाखाली गेला की खेड्यातून स्वस्तात घेतलेला कापूस केंद्रावर घालायला व्यापाऱ्याला कोणाचा तरी सातबारा लागतो. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर माल गेल्याच्या तक्रारी म्हणूनच होतात. स्वतःचा कापूस घेऊन शेतकरी केंद्रावर जातो, तेव्हा त्याच्या नावावर आधीच विक्री दिसते.

पीकविम्यातही तेच झालं. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात विमा मिळत होता. दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनीवरसुद्धा विमे उतरवल्याचं उघडकीला आलं, सेवा केंद्र चालकांवर कारवाया झाल्या आणि २०२५ मध्ये एक रुपयाची सवलत बंद करण्यात आली. हे करायला कोणी संगणक फोडला नव्हता. कागद आधीच कोणाच्या तरी फोल्डरमध्ये पडलेले होते.

आणखी एक गोष्ट. पूर्वी सोसायटीची सगळी माहिती पळवायची तर खतावण्या बैलगाडीत भराव्या लागल्या असत्या. केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये देशभरातल्या ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, त्यात आपल्याकडच्याही आल्या. काम सोपं झालं हे खरंच, पण आता अख्खी सोसायटी एका पेनड्राइव्हमध्ये मावते.

म्हणजे ते हॅकर वगैरे आमच्याकडे येतच नाहीत?

येतात, पण बहुतेक वेळा मोठ्या दारातून. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. ३१ जुलै २०२४ ला सी-एज या तंत्रज्ञान कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाला आणि एटीएम-यूपीआयची यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिचा जोड तात्पुरता तोडला. तिच्यावर अवलंबून असलेल्या देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे, त्यांत बऱ्याच सहकारी आणि ग्रामीण, एटीएम आणि यूपीआयचे व्यवहार थांबले. त्यांच्या काउंटरवरच्या माणसाची काही चूक नव्हती, तरी ग्राहकाच्या शिव्या त्यानंच खाल्ल्या.

असल्या हल्ल्यांत तुमच्या हातात फार थोडं असतं. या पानावरचं बाकी सगळं मात्र तुमच्याच हातातलं आहे.

गावात सगळे ओळखीचे. “काऊन, मी का परका आहो का?” असं कोणी म्हटलं की काय बोलायचं?

हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो, आणि आमच्या मते खरा प्रश्न हाच आहे. शहरातल्या बँकेत माहिती न देणं हा नियम असतो. आपल्याकडे तो उर्मटपणा ठरतो. काउंटरवरचा पोरगा कालपरवापर्यंत ज्यांच्या वावरात बोरं वेचायला जायचा, तेच काका समोर उभे राहून म्हणतात, “तेवढं सांगून दे ना बाप्पा, त्याच्या खात्यात किती आहेत?” नाही म्हटलं तर संध्याकाळी पारावर विषय होतो.

एक नमुना सांगतो, कारण तो सगळ्यांत जास्त वेळा ऐकला. सोयरिकीची बोलणी सुरू असतात. मुलीचे वडील संस्थेत येतात, चहा मागवतात आणि हळूच विचारतात, की पोराच्या बापावर कर्ज किती आहे? हेतू वाईट नाही, बापाची काळजी आहे. पण तुम्ही ‘दोन लाख थकीत’ म्हणालात, सोयरीक मोडली, आणि ती का मोडली हे आठ दिवसांत त्या घरी पोचलं. आता तो कर्जदार तुमच्या संस्थेत पाऊल ठेवणार नाही. पुढची उचल तो सावकाराकडून करेल. पीककर्जाचं नवं-जुनं (जुनं फेडून नवं उचलणं) मार्चअखेर झालं की नाही, एवढीशी बातमीसुद्धा गावात माणसाची पत ठरवते. ती बातमी तुमच्या तोंडून जाऊ नये.

मग बोलायचं काय? ‘तुम्हाला सांगणार नाही’ असं कधी म्हणू नका. नकार कागदावर ढकला. “काका, माह्या हातात नाही ना. अर्जावर खातेदाराची सही लागते. सही आणा, लगेच काढून देतो.” यात काकांचा अपमान नाही, कारण अट सगळ्यांना सारखी आहे. पण ती खरंच सारखी हवी. सरपंचाला एकदा बिनासही उतारा दिलात, की दुसऱ्या दिवशी काका तेच नाव घेऊन येतील.

संस्थेनं हा नियम काउंटरच्या काचेवर ठळक अक्षरांत चिकटवावा. ‘खात्याची माहिती फक्त खातेदाराला किंवा त्याच्या लेखी परवानगीनं मिळेल.’ एक कागद आणि थोडी चिकटपट्टी, एवढाच खर्च. पोरांना रोज भांडावं लागत नाही, बोट दाखवलं की झालं.

पण सभासदाला संस्थेची कागदपत्रं पाहायचा हक्क आहे ना?

आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासद संस्थेच्या कार्यालयात उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, समितीची यादी, सभासद नोंदवही आणि सभांची इतिवृत्तं मोफत पाहू शकतो. खात्यांच्या बाबतीत त्याच कलमाचे शब्द मोजके आहेत. पुस्तकांचा तोच भाग पाहता येतो, ज्यात त्याचे स्वतःचे व्यवहार नोंदले आहेत. शेजाऱ्याचे नाहीत.

कोणी फार तावातावानं ‘माझा हक्क आहे’ म्हणू लागला तर हेच कलम त्याच्यापुढे ठेवा. बहुतेक वेळा आवाज खाली येतो.

संचालकांनीच मागितलं तर?

नाजूक जागा आहे. संचालक मंडळाला संस्थेचा कारभार बघायचा अधिकार असतो, पण तो सभेत, विषयपत्रिकेवर आणि लेखी. एकट्या संचालकानं रविवारी फोन करून ‘अमक्या वॉर्डातल्या सगळ्या ठेवीदारांचे मोबाइल नंबर पाठव’ म्हणणं हा कारभार नव्हे. विशेषतः ग्रामपंचायत किंवा बाजार समितीची निवडणूक तोंडावर असेल, तर ती यादी कुठं जाणार हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

नोकरी त्यांच्या हातात असते, हे मान्य. म्हणून वाद घालू नका. “साहेब, व्यवस्थापकांच्या मेलवर एक ओळ टाका, मी लगेच पाठवतो.” ही ओळ सहसा येत नाही. आली तर जबाबदारी तुमची एकट्याची राहिली नाही. तो मेल जपून ठेवा.

नवरा बायकोच्या खात्याबद्दल विचारतो, तेही नाही सांगायचं?

नाही. खातं तिचं आहे. बचत गटाचे पैसे किंवा लाडक्या बहिणीचे पंधराशे जमा झाले का हे विचारणारा माणूस काळजीनंच विचारत असेल, किंवा दुपारीच काढून घ्यायचेही असतील. काउंटरवरून ते ओळखता येत नाही, आणि ओळखायची जबाबदारीही तुमची नाही. तिला घेऊन या म्हणायचं.

बाई अंगठेबहाद्दर असेल आणि शिल्लक विचारायला आली, तर आकडा मोठ्यानं ओरडू नका. चिठ्ठीवर लिहून तिला दिलात तर ती चिठ्ठी घरी कोण वाचणार, हाही विचार करा. जवळ बोलावून हळू आवाजात सांगणं बरं.

थकबाकीदारांची यादी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली की वसुली होते. मग काय वाईट?

दोन-चार जण लाजेखातर भरतात, हे खरं. बाकीचे फोन उचलणं बंद करतात. वसुलीला कायद्याची वाट आहे: नोटीस, सहकार खात्याकडून वसुली दाखला, मग पुढची कारवाई. त्या वाटेवर जिथं प्रसिद्धी करावी लागते तिथं ती नियमानं होते. ग्रुपवरची यादी या कशातच बसत नाही. ती कोणी टाकली हे नंबरासकट दिसत राहतं, आणि उद्या तक्रार झाली तर संस्था ‘आम्ही सांगितलं नव्हतं’ म्हणून मोकळी होते. अडकतो तो यादी टाकणारा कर्मचारी.

कर्जापायी आपल्या जिल्ह्यांत काय काय घडलं आहे ते प्रत्येकाला माहीत आहे. चारचौघांत लाज काढणं हे वसुलीचं हत्यार म्हणून वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

व्यवस्थापक साहेब लग्नाला गेले. त्यांचा पासवर्ड मला देऊन गेले. काम थांबू नये म्हणूनच ना?

साहेब दोन ताटं जास्त जेवतील, पण तुम्ही अडकाल. व्हाउचरची नोंद एकानं करायची आणि पास दुसऱ्यानं करायचं, ही पद्धत मुद्दाम ठेवलेली असते. जिनिंगवर काटा करणारा वेगळा आणि पैसे मोजणारा वेगळा असतो, तसंच हे. दोन्ही चाव्या एकाच्या हातात आल्या की त्या दिवशीच्या प्रत्येक व्यवहाराचा जाब त्यालाच द्यावा लागतो. सहा महिन्यांनी लेखापरीक्षणात एखादी रक्कम जुळली नाही तर नोंदीत साहेबांचं नाव दिसेल, साहेब म्हणतील मी त्या दिवशी आर्वीला होतो, आणि खोलीतले सगळे तुमच्याकडे बघतील.

उपाय सोपा आहे, फक्त आधी करावा लागतो. साहेब रजेवर जाणार असतील तर पास करायचा अधिकार लेखी आदेशानं, ठरावीक मर्यादेपर्यंत आणि ठरावीक तारखांपुरता दुसऱ्या कोणाच्या तरी लॉगिनला द्यायचा. जवळपास प्रत्येक बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. येत नसेल तर सॉफ्टवेअरवाल्याला विचारा. देखभालीचे पैसे तो त्यासाठीच घेतो.

पासवर्ड लक्षात राहत नाही. लिहून ठेवला तर?

वहीत लिहून ती वही कुलपात ठेवली तर चालेल. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला किंवा लक्ष्मीच्या फोटोमागे खोचलेला चालणार नाही. सगळे आधी तिकडंच बघतात. संस्थेचं नाव आणि पुढे १२३ हाही नको.

एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. ‘पोळा सायकल तीळ दवाखाना’ असं काही. लांब असला की फोडायला अवघड जातो आणि दर महिन्याला बदलत बसावं लागत नाही. मेलला आणि बँकिंगला एकच पासवर्ड नको. मोबाइलवर ओटीपी येणारी दुहेरी तपासणी जिथं चालू करता येते, तिथं चालू करा. तो ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. विचारणारा स्वतःला हेड ऑफिसचा म्हणवत असला तरी.

लोक आधार, पासबुक सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवतात. त्यात आमचा काय दोष?

पाठवणाऱ्याचा नाही आणि तुमचाही नाही, पण आलेल्या कागदाचं पुढे काय होतं ते तुमच्याकडे आहे. तो फोटो तुमच्या गॅलरीत जातो, गॅलरीतून आपोआप गूगल खात्यावर चढतो. संध्याकाळी तोच फोन पोराच्या हातात खेळायला असतो, आणि दोन वर्षांनी तो एक्स्चेंजमध्ये दुकानात जातो.

संस्थेनं कामासाठी वेगळा फोन घ्यावा, साधा असला तरी चालेल. तोवर निदान एवढं करा: व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो आपोआप गॅलरीत जाणं बंद करा, काम झालं की कागद फोनमधून काढून टाका, ऑफिसच्या संगणकावरचं व्हॉट्सअ‍ॅप वेब रोज लॉगआउट करा. आणि संगणकातलं डाउनलोड्सचं फोल्डर. सेवा केंद्रांत आम्हाला सगळ्यांत जास्त धडकी त्या फोल्डरची भरते. वर्षानुवर्षांचे जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, आधार, सगळं एकाखाली एक, नावानिशी. दर शनिवारी दुपारी ते रिकामं करायचं ठरवून टाका.

लोकांनाही सांगत जा, की पूर्ण आधारची गरज नसेल तिथं झाकलेला आधार चालतो. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि तो आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून फुकट काढता येतो. तुमच्याच कामाला शेवटचे चार आकडे पुरत असतील तर बाराही मागू नका. जे मागितलंच नाही ते सांभाळावं लागत नाही.

‘पीएम किसान’ किंवा ‘ई-केवायसी’ नावाची फाइल ग्रुपवर येते. उघडू का?

फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ असेल तर कधीच नाही. सरकारी योजनेचं अ‍ॅप व्हॉट्सअ‍ॅपवरून वाटलं जात नाही. अशी फाइल फोनमध्ये बसली की ती एसएमएस वाचू लागते, म्हणजे ओटीपीही. पाठवणारा ओळखीचा आहे म्हणून विश्वास ठेवू नका; बहुतेक वेळा त्याचा फोन आधीच गेलेला असतो आणि फाइल त्याच्या नावानं आपोआप पुढे जात असते. त्याला उलट फोन करून सांगा.

ज्या फोनवर संस्थेचे ओटीपी येतात त्यावर गावचे ग्रुप ठेवूच नयेत.

नागपूरहून सॉफ्टवेअर कंपनीचा फोन येतो आणि ‘एनीडेस्क चालू करा’ म्हणतात. करायचं?

एनीडेस्क म्हणजे दुरून तुमचा संगणक चालवू देणारं सॉफ्टवेअर. अनेकदा तो खराच कंपनीचा माणूस असतो, आणि गोची तिथंच आहे. खरा आणि खोटा दोघंही तेच वाक्य बोलतात.

फोन ठेवा. करारावर किंवा बिलावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा आणि विचारा, की तुमच्याकडून आत्ता कोणी फोन केला का? हो म्हणाले तर चालू करा, पण खुर्ची सोडू नका. पडद्यावर तो काय करतो ते बघत बसा, बँकिंगचं लॉगिन आधी बंद करा, काम झालं की जोड तोडा. कोणी, केव्हा, कशासाठी जोडलं ते एका वहीत लिहा. समोर कोणी नसतानाही जोडता यावं म्हणून कायमचा पासवर्ड टाकून ठेवलेला असेल तर तो काढायला सांगा. ‘ताई, तुम्ही चहा घेऊन या, तोवर करतो’ असं कोणी म्हटलं तर चहा जागेवरच मागवा.

अंगठा लावून पैसे काढायचं मशीन आहे आमच्याकडे. त्यात धोका काय?

अंगठ्याचा पासवर्ड बदलता येत नाही. काही राज्यांत खरेदीखतावरचे अंगठ्याचे ठसे आणि आधार क्रमांक मिळवून, सिलिकॉनचे नकली ठसे करून लोकांची खाती रिकामी केल्याची प्रकरणं पोलिसांनी पकडली आहेत.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. ‘अंगठा नीट उठला नाही, परत लावा’ असं दोन-तीनदा म्हणाल तर प्रत्येक वेळी पावती दाखवा, व्यवहार फसला असेल तर फसल्याची. रक्कम तोंडी विचारा, तोंडी सांगा आणि पावती हातात द्या, माणूस शिकलेला असो नसो. आणि ज्यांना हे मशीन लागतच नाही त्यांना सांगा, की आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंद करता येतं. यूआयडीएआयच्या अ‍ॅपवरून किंवा संकेतस्थळावरून. लागेल तेव्हा तात्पुरतं उघडता येतं. मेळघाटातल्या पाड्यापासून बँक तीस किलोमीटरवर असते, तिथं हे मशीन बंद करा असं आम्ही म्हणणार नाही.

डेली कलेक्शनवाल्यांनी काय सांभाळायचं?

रोजच्या ठेवीच्या वहीत किंवा मशीनमध्ये अख्ख्या बाजारपेठेची कुंडली असते. कोण दुकानदार रोज पाचशे भरतो, कोणाचं आठ दिवसांपासून बंद आहे. एका दुकानात बसून दुसऱ्याचे आकडे वाचून दाखवू नका, गमतीतही नाही. वही पानटपरीवर ठेवून आत जाऊ नका. मोबाइलवर अ‍ॅप असेल तर फोनला कुलूप हवंच. फोन हरवला तर आधी शाखेला कळवा, मग शोधत बसा. ‘संचार साथी’ पोर्टलवरून हरवलेला हँडसेट बंद करता येतो.

जुने फॉर्म रद्दीत दिले तर?

आलूबोंडा कोणाच्या तरी कर्ज अर्जावर गुंडाळून आलेला तुम्हीही पाहिला असेल. फाडून द्या, मोठी गठ्ठी असेल तर दोन माणसांसमोर जाळा आणि काय जाळलं त्याची यादी ठेवा. किती वर्षं कोणते कागद ठेवायचे ते आधी लेखापरीक्षकाला विचारून घ्या, नाहीतर उत्साहात नको ते जळेल. पाठकोरे कागद प्रिंटरला वापरायची काटकसर चांगली, पण एका बाजूला कोणाचा सातबारा छापलेला असेल तर ती काटकसर नको. झेरॉक्सच्या काचेखाली राहिलेला मूळ कागदही बघत जा.

लाइट जाते, उन्हाळ्यात मशीनं तापतात. बॅकअप रोज घेणं होत नाही.

होत नाही म्हणजे कोणाचं तरी नाव त्यावर लिहिलेलं नाही. बॅकअप कोण घेणार, तो सुटीवर असेल तर कोण, हे भिंतीवर लिहा. दोन बाह्य डिस्क ठेवा. आज एक, उद्या दुसरी. कॉपी झाली की डिस्क काढून दुसऱ्या इमारतीत ठेवा, कारण लावून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस संगणकासोबतच कुलूपबंद करतो. त्या डिस्कलाही पासवर्ड लावा. महिन्यातून एकदा तिच्यातलं एखादं खातं उघडून बघा. बॅकअप घेतलेला असतो पण उघडत नाही, हे ऐन वेळी कळण्यात काही अर्थ नाही.

विंडोज जुनंच आहे, चालतंय की.

विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. चालतं, पण भोकं बुजवणारं कोणी नाही. कमीत कमी बँकिंगचा संगणक नवा ठेवा आणि क्रॅक केलेलं काहीही त्यात टाकू नका.

आशा ताई, उमेदच्या सखी यांनाही हे लागू आहे का?

हो, आणि जरा जास्तच. क्षयाची औषधं कोण घेतं, कोणाला कितवा महिना आहे, कोणाचा रिपोर्ट काय आला, हे तुमच्या रजिस्टरमध्ये असतं. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि माणसाच्या संमतीशिवाय ते उघड करायला त्यात मनाई आहे. रजिस्टरच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकून ‘माझं काम झालं’ दाखवायची पद्धत काही ठिकाणी आहे. वरिष्ठांनी मागितलं तरी आकडा पाठवा, नावं झाका.

कायदा काय म्हणतो? केस माझ्यावर होईल की संस्थेवर?

दोघांवर होऊ शकते, कारणं वेगळी. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यापुढे अठरा महिन्यांनी लागू होतात. माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घेतली नाही तर संस्थेला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही कमाल मर्यादा आहे, हे ऐकून कोणी झोप उडवून घेऊ नये. हा कायदा संगणकात असलेल्या किंवा कागदावरून संगणकात चढवलेल्या माहितीला लागू होतो.

तुमच्यापुरतं महत्त्वाचं २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात आहे. कामामुळे हाती आलेली माणसाची माहिती, त्याचं नुकसान किंवा कोणाचा गैरफायदा व्हावा म्हणून संमतीशिवाय उघड केली, तर कलम ७२-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही लबाडीनं वापरली तर कलम ६६-क. चुकून झालेल्या गोष्टीला ही कलमं लागत नाहीत. लपवलेली चूक मात्र चूक वाटेनाशी होते.

लिंक दाबली गेली. आता काय करू?

ताबडतोब: इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा, फोन असेल तर विमान मोडवर टाका. पैसे गेले असतील तर दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पसरायच्या आत अडवता येतात, म्हणून इथं मिनिटं मोजली जातात. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही नोंदवा. पडद्यावर जे दिसतं त्याचा फोटो काढा. संगणक स्वतःहून फॉरमॅट करू नका, पुरावा जातो.

मग व्यवस्थापकाला सांगा, त्याच दिवशी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात. तुम्ही दोन दिवस गप्प बसलात तर संस्थेचे सहा तास केव्हाच संपतात.

व्यवस्थापकांसाठी एक वाक्य: जो सांगायला येईल त्याच्यावर पहिल्या पाच मिनिटांत ओरडू नका. एकदा ओरडलात की पुढचा सांगायला येणार नाही.

पोलिसांत गेलो तर बोभाटा होईल, ठेवीदार रांगा लावतील. त्यापेक्षा आपसात मिटवलं तर?

ही भीती खोटी नाही. एका अफवेवर ठेवी निघाल्याची उदाहरणं प्रत्येक जिल्ह्यात आहेत. पण गावात बोभाटा व्हायला पोलीस लागत नाहीत, संस्थेचा शिपाई पुरतो. ठेवीदाराला ते दुसऱ्याकडून कळलं तर तो पैसेही नेतो आणि नावही ठेवतो.

ज्यांची माहिती गेली त्यांना संस्थेनं स्वतः कळवायचं: काय गेलं, केव्हा गेलं, त्यांनी आता काय करावं. माहिती संरक्षण कायद्याचे नवे नियम पूर्ण लागू झाले की बाधित माणसांना विनाविलंब आणि त्या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील देणं बंधनकारकच होईल. सूचनेचा मजकूर आधीच तयार करून ठेवा, एक पानाचा, मराठीत, मोठ्या अक्षरांत. खाली १९३० आणि शाखेचा नंबर. शाखेच्या दारावर लावायचा आणि दवंडी द्यायची पद्धत अजून असेल तर दवंडीही द्यायची, कारण ज्या म्हाताऱ्या ठेवीदाराला सगळ्यात आधी कळायला हवं, त्याच्याकडे बहुधा व्हॉट्सअ‍ॅप नसतं.